‘नो कॅरिअर’ म्हणजे नेमके काय तुटले?

लिनक्सच्या जन्मकथेत एक मोडेम आहे. १९९१च्या आरंभी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सने आपल्या नव्या ३८६ संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. घरून विद्यापीठाच्या यंत्राला फोन लावायचा आणि तिकडून येणारी अक्षरे इकडच्या पडद्यावर उमटवायची, एवढेच त्याचे काम. हा प्रोग्रॅम वाढत वाढत लिनक्स झाला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण आपल्या विषयाला जवळचा प्रसंग त्याच्या थोडा पुढचा आहे. एकदा फोन लावण्याची आज्ञा देताना तोरवाल्ड्सने मोडेमच्या जागी हार्ड डिस्कचे नाव दिले. युनिक्सच्या रीतीप्रमाणे मोडेम काय आणि डिस्क काय, दोघेही एका फाइलच्या नावाने ओळखले जातात आणि दोघांवरही लिहिता येते. मोडेमला द्यायची अक्षरे मग मुकाट्याने डिस्कवर लिहिली गेली आणि तिथे नांदत असलेल्या मिनिक्स या प्रणालीचा भाग मोडला. आज्ञेत खोट नव्हती, चुकला तो पत्ता. आणि ‘अहो, मी मोडेम नव्हे’ असे डिस्क काही बोलत नाही. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तोरवाल्ड्सने आपल्याच प्रणालीवर मुक्काम हलवला, म्हणून ही चूक इतिहासात शोभून दिसते. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लिनक्सवर डायल-अप जोडणी लावताना जगभर लाखो लोक अडले. त्यांच्या चुका मात्र कुणी नोंदवून ठेवल्या नाहीत.

या अडण्याबद्दल एक सरधोपट समजूत आहे: लिनक्सवर मोडेम चालवणे अवघड होते, कारण लिनक्सच अवघड होते. ही समजूत निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्याकडे पाहायचे, तर ‘जोडणी’ हा शब्द आधी सोडवून घ्यावा लागतो. ऐकताना ती एक वस्तू वाटते, पण तिच्यात निदान दहा-बारा जण एकमेकांचे हात धरून उभे असतात. फोन लावणारा प्रोग्रॅम, कर्नल, सिरियल पोर्ट, मोडेम, भिंतीतून खांबावर गेलेली तांब्याची जोडतार, एक्स्चेंज, पलीकडचा मोडेम, नाव-पासवर्ड तपासणारा संगणक, दोन्ही टोकांमधला पीपीपी नावाचा करार, मिळालेला आयपी पत्ता, पाकिटांना वाट दाखवणारा मार्गतक्ता आणि शेवटी नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा. यातला कुणीही हात सोडला की वापरणाऱ्याला एकच गोष्ट दिसते: पान उघडत नाही. माझे म्हणणे असे, की अशा साखळीत शेवटी दिसणाऱ्या चुकीच्या संदेशामागे लागणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. शेवटचे यश कोणते, हे शोधावे. वायरमन बंद दिव्याकडे टक लावून बसत नाही. टेस्टर कुठपर्यंत पेटतो ते पाहतो. लिनक्सची खरी मदत तेवढ्यापुरतीच होती, पण ती मोठी होती: टेस्टर लावायला तिथे प्रत्येक सांधा उघडा होता.

संदेशामागे लागू नये असे का, याला ‘नो कॅरिअर’पेक्षा चांगले उदाहरण नाही. मोडेम हे दोन शब्द लिहितो तेव्हा तो एवढेच सांगतो, की पलीकडचा वाहक स्वर मला आता ऐकू येत नाही. फोन लावल्यावर पन्नासेक सेकंद वाट पाहूनही समोरच्या मोडेमने फोन उचलला नाही, तरी हेच शब्द. त्याने उचलला, पण दोघांचे वेगाबद्दल जमले नाही, तरी हेच. दोघांचे जमले, पण पासवर्ड चुकला म्हणून पलीकडच्याने फोन ठेवला, तरी हेच. आणि अर्धा तास सुरळीत चाललेली जोडणी कुणीतरी आतल्या खोलीतला जोडफोन उचलल्यामुळे तुटली, तरीही हेच. चार दुखणी आणि निदान एकच. बहुतेक जण हे शब्द वाचून लाइनला दोष देत आणि लाइनमनची वाट पाहत. चुकलेला असे पासवर्ड. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या चार दुखण्यांना वेगळे करणारी गोष्ट संदेशात नसतेच. ती असते त्याच्या आधीच्या ओळीत आणि घड्याळात. ‘कनेक्ट’ हा शब्द आधी उमटला होता का? उमटल्यापासून किती सेकंदांनी सारे संपले? कनेक्ट न होताच मिनिटभराने ‘नो कॅरिअर’ आले, तर शोध टेलिफोनच्या बाजूला. कनेक्ट होऊन थोड्याच वेळात, आणि दरवेळी तितक्याच वेळाने तुटले, तर तारेला त्रास देऊ नये; तार इतकी वक्तशीर नसते.

साखळीच्या मधोमध मोडेम आहे, म्हणून पहिला टेस्टर तिथेच लावणे शहाणपणाचे. मिनिकॉम नावाचा साधा प्रोग्रॅम उघडायचा, मोडेमचा पोर्ट निवडायचा आणि ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबायचे. उत्तरादाखल ‘ओके’ आले, तर प्रोग्रॅम, कर्नल, पोर्ट, केबल आणि मोडेमचा मेंदू इतक्या सगळ्यांची हजेरी एका शब्दात लागते. ही भाषा हेज कंपनीने १९८१ साली स्मार्टमोडेम बाजारात आणला तेव्हाची. ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, सावधान. पण ती अक्षरे केवळ हाक म्हणून निवडलेली नाहीत. संगणक कोणत्या वेगाने बोलतो आहे हे मोडेमला आधी माहीत नसते. पहिल्या अक्षरातले पहिले स्पंदन किती वेळ टिकले हे मोजून तो वेग ओळखतो, आणि दुसऱ्या अक्षरावरून पॅरिटी. म्हणून दोन्ही अक्षरे मोठ्या लिपीतली चालतात, दोन्ही छोट्या लिपीतली चालतात, पण एक मोठे आणि एक छोटे असे लिहिले की मोडेम गप्प बसतो. दोन अक्षरांच्या हाकेत एवढी कारागिरी सहसा आढळत नाही.

‘ओके’ आले नाही, तर साखळीचा वरचा सारा भाग सोडून द्यावा. पासवर्ड, डीएनएस, इंटरनेट कंपनीचा टेलिफोन नंबर यांतले काहीही तपासण्यात अर्थ नाही. ते सगळे पुढच्या गावचे रस्ते. इथे पाहायचे तीन-चारच प्रश्न असतात. नाव बरोबर आहे का: डॉस आणि विंडोजच्या जगात जो कॉम-१, तो लिनक्समध्ये टीटीवाय-एस-०, म्हणजे मोजणी एकाने मागे. कॉम-२ला जोडलेला मोडेम टीटीवाय-एस-२वर शोधणारे त्या काळात गावोगाव असावेत. परवानगी आहे का: डेबियनसारख्या वितरणात सिरियल पोर्ट वापरायला ‘डायलआउट’ या गटात नाव असावे लागते. आधीच्या मेलेल्या प्रोग्रॅमने कुलूप मागे ठेवले आहे का: पोर्ट वापरात आहे हे सांगणारी छोटी फाइल कधी कधी मालक गेल्यावरही उरते. हे तिन्ही प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघतात. चौथा मात्र रेंगाळतो.

चौथा प्रश्न इंटरप्टचा. जुन्या पीसीच्या रचनेत पहिला आणि तिसरा सिरियल पोर्ट एकच घंटा वाटून घेतात, इंटरप्ट क्रमांक ४. दुसरा आणि चौथा मिळून क्रमांक ३. माउस पहिल्या पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्यावर असला, की वाजलेली घंटा कुणाची यावर गोंधळ. आणि कर्नलला एक घंटा सांगितलेली व कार्ड वाजवते दुसरीच, असे झाले तर लक्षण फारच चमत्कारिक दिसते: मोडेम मेलेला नसतो, पण त्याची उत्तरे कित्येक सेकंद थांबून, तुकड्या-तुकड्याने येतात. घंटा ऐकू येतच नाही. कर्नल अधूनमधून स्वतःहून डोकावतो तेव्हा साचलेले उचलतो. नवखा माणूस याला ‘स्लो मोडेम’ म्हणतो आणि वेगाच्या सेटिंगशी खेळत बसतो. तिथे ‘सेटसिरियल’ नावाची आज्ञा कामी येते, पण तिच्याबद्दलही एक गैरसमज जुना आहे. नावावरून वाटते की ती पोर्टची मांडणी बदलते. प्रत्यक्षात ती हार्डवेअरला हातही लावत नाही. हार्डवेअर कसे आहे याबद्दल तुमचे मत काय, ते कर्नलला कळवते. मत चुकीचे असेल तर कर्नल निष्ठेने चुकीचेच वागतो. जुन्या यंत्रांत आणखी एक अडचण असे. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला आणि प्रत्येक अक्षराला दहा बिट लागतात असे धरले, तर सेकंदाला ११,५२० अक्षरे येऊ शकतात. म्हणजे दर अक्षरामागे सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी जेमतेम ८७. जुन्या ८२५० चिपमध्ये एकच अक्षर थांबायची जागा होती. तेवढ्यात प्रोसेसरने ते उचलले नाही, तर पुढचे त्याच्या डोक्यावर येऊन बसे. १६५५०ए या चिपने १६ अक्षरांचा ओटा दिला आणि ही धावपळ थांबली. कुठली चिप आहे, हे कर्नल सुरू होतानाच्या मजकुरात छापून जातो. फक्त तो मजकूर कुणी वाचत नाही.

‘ओके’ आले की आपण टेलिफोनच्या राज्यात शिरतो, आणि इथे भारतापुरते एक वेगळे प्रकरण आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळातले अनेक मोडेम अमेरिकी कानांचे होते. अमेरिकेचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ या दोन स्वरांचा; आपला ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने हेलकावणारा. माणसाच्या कानाला दोन्ही ‘टूंऽऽ’च, पण दुसरा स्वर न ओळखणारा मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करायचा. फोन उचलून कानाला लावला तर डायल टोन स्वच्छ ऐकू येतो, आणि मोडेम म्हणतो नाहीच. यावर तोडगा चार अक्षरांचा: ‘एटीएक्स३’. म्हणजे डायल टोनची वाट पाहू नको, सरळ नंबर फिरव. एंगेज लागला तर तेवढा सांग. जिथे एक्स्चेंज जुने आणि टोन डायलिंग नाही, तिथे ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’, म्हणजे जुन्या तबकडीच्या फोनसारखे टकटक करत नंबर फिरवणे. आणि कार्यालयातल्या बोर्डावरून बाहेरची लाइन घ्यायची, तर शून्यानंतर एक स्वल्पविराम; मोडेम त्यावर दोन सेकंद दम खातो. विंडोजमध्ये याच सूचना चार खिडक्या आत दडलेल्या एका चौकटीत घालाव्या लागत. लिनक्सवर मिनिकॉममध्ये त्या हाताने टंकून तत्काळ परिणाम पाहता येई, आणि जमले की तीच ओळ डब्ल्यूव्हीडायल या फोन लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीत उतरवायची.

नंबर लागल्यावर मोडेमच्या स्पीकरमधून येणारा तो किंचाळता संवाद एका पिढीच्या कानात बसलेला आहे. त्याची टिंगल पुष्कळ झाली, पण टेस्टर म्हणून त्याची किंमत फार थोड्यांनी ओळखली. आधी पलीकडचा मोडेम २१०० हर्ट्‌झचा लांब स्वर देतो. हा मोडेमसाठी जितका, तितकाच टेलिफोन यंत्रणेसाठी असतो: लाइनवर माणूस नाही, प्रतिध्वनी मारणारी तुमची उपकरणे बंद करा. मग दोघे आपापल्या क्षमता सांगतात, लाइनचा पोत तपासतात, आणि शेवटी सगळे एका सलग खरखरीत विरते. ती खरखर म्हणजेच यश. उत्तम गुंडाळलेली माहिती कानाला गोंगाटासारखीच लागते. लांब स्वरच आला नाही, तर समोर मोडेम नाही, कदाचित कुणी माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो आहे. स्वर आला आणि पुढची बोलणी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर लाइन खराब. याच टप्प्यावर ५६ हजारांच्या मोडेमला ३३,६०० किंवा त्याहून कमी वेग मिळाल्याची तक्रार येते. त्यात लिनक्सचा काडीचा संबंध नसतो. १९९८च्या व्ही.९० या मानकाचा वेग एका अटीवर उभा आहे: एक्स्चेंजपासून कंपनीपर्यंतचा मार्ग डिजिटल असावा आणि अॅनालॉग रूपांतर वाटेत एकदाच व्हावे, तेही तुमच्या बाजूच्या तारेवर. मध्ये आणखी एक रूपांतर आले की वेगाचा हिशेब जुन्या मानकावर घसरतो. संगणकात काहीही बदलून तो परत येत नाही.

आता अशी जागा, जिथे जुनेजाणते आणि नवखे यांच्या वाटा फुटतात. मिनिकॉममधूनच फोन लावला, कनेक्ट झाले, आणि पडद्यावर कचरा सांडू लागला: नागमोडी रेघ, महिरपी कंस, मध्येच एखादे परके अक्षर, साधारण ‘~…}#…!}!}!} }’ असे काही. नवखा घाबरून फोन ठेवतो. जाणत्याला यात आनंदाची बातमी दिसते, कारण हा कचरा वाचता येतो. षोडशमान अंकांत नागमोडी रेघ म्हणजे ७ई, पीपीपीच्या प्रत्येक चौकटीची हद्दखूण. तिच्यामागचे न छापता येणारे अक्षर म्हणजे एफएफ, ‘सर्वांसाठी’ असा पत्ता. महिरपी कंस म्हणजे ७डी. त्याचा अर्थ, पुढचे अक्षर वेष बदलून आले आहे, त्यातला २० चा बिट उलटा करून वाचा. जाळीचे चिन्ह २३, वेष उतरवला की ०३. पुढे सी० आणि २१, म्हणजे एलसीपी, जोडणीच्या अटी ठरवणारी भाषा. आणि नंतरचे ‘}!’ उलगडले की ०१: मी अटी मांडतो आहे, उत्तर द्या. थोडक्यात, पलीकडचा संगणक जागा आहे, लाइन स्वच्छ आहे, पासवर्डाचा वेगळा लेखी प्रश्नोत्तरी सोहळा नको आहे आणि तो पीपीपी बोलायला लागलेला आहे. आपल्या बाजूने पीपीपीडी हा प्रोग्रॅम सुरू करायचा तेवढा बाकी. ‘कचरा’ या एका शब्दात इतकी यशे गाडली जातात.

पीपीपीडी स्वतः फार बोलका प्रोग्रॅम आहे. ‘डीबग’ हा पर्याय लावला की पाठवलेली आणि आलेली प्रत्येक मागणी लॉगमध्ये ओळीने लिहितो. त्या लॉगचे वाचनही याच रीतीने करावे. नुसतेच ‘पाठवले, पाठवले, पाठवले’ आणि शेवटी ‘टाइमआउट’ असेल, तर पलीकडे पीपीपी सुरूच झालेले नाही. ‘लाइन लूप झाली आहे’ असे आले, तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो आहे: प्रत्येक बाजू सुरुवातीला एक यादृच्छिक जादुई अंक पाठवते, आणि आपलाच अंक परत आला म्हणजे समोर भागीदार नाही, आरसा आहे. बहुधा फोन कधीच ठेवला गेलेला असतो आणि आज्ञा-अवस्थेतला मोडेम आपले शब्द परत म्हणून दाखवत असतो. पासवर्ड नाकारला गेला, तर लॉग तसे स्पष्ट म्हणतो, आणि मग पाहायचे की पासवर्डात जाळीचे चिन्ह तर नाही. गुपितांच्या फाइलीत अवतरणाबाहेरचे ते चिन्ह टिप्पणीची सुरुवात मानले जाते आणि अर्धा पासवर्ड गिळला जातो. ‘समोरच्याने स्वतःची ओळख पटवली पाहिजे’ अशी तक्रार आली, तर दोष कंपनीचा नसून तुमच्या पीपीपीडीच्या ताठ्याचा आहे. ‘नोऑथ’ लिहून तो उतरवावा. आणि पत्ता मिळाला, पण काहीच हलत नाही, तर मार्गतक्ता पाहावा: संगणकात नेटवर्क कार्ड असेल आणि त्याचा मूळ मार्ग आधीच ठरलेला असेल, तर पीपीपीडी तो बदलत नाही. पाकिटे मग इमानेइतबारे न जोडलेल्या कार्डाकडे जात राहतात. अंकी पत्ता पिंग होतो आणि नाव होत नाही, तर उरला तो डीएनएस.

इथवरचे ऐकून एखादा जाणकार अडवेल, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ही साखळी कागदावर सुबक आहे, पण खालच्या कडीचा दोष वरच्या कडीत डोके काढतो, तेव्हा तुमचे ‘शेवटचे यश’ फसवे ठरते. आक्षेप खरा आहे. पिंग होते, छोटी पाने उघडतात, आणि मोठी फाइल उतरवायला घेतली की दर वेळी थिजते. कारण असते अगदी तळाशी, संगणक आणि मोडेम यांच्यात ‘थांब, चालू दे’ सांगणाऱ्या दोन तारांचा वापर करणारा हार्डवेअर फ्लो कंट्रोल सुरूच केलेला नसतो. छोट्या पाकिटांना गर्दी होत नाही, म्हणून ती निभावतात. मोठी आली की अक्षरे सांडतात. इथे पिंगच्या यशावरून तळ पक्का आहे असे मानले, तर माणूस दिवसभर वरच शोधत राहील, साप म्हणून भुई धोपटेल. पण यातून रीत मोडत नाही, तिला एक अट चिकटते. यश हे किती वजनाखाली आणि किती वेळ टिकले, तेही मोजायला हवे. पिंगच्या पाकिटाचा आकार वाढवत नेला की कोणत्या आकारापाशी ती बुडू लागतात ते दिसते, आणि खुद्द कर्नल पोर्टवर सांडलेल्या अक्षरांची मोजदाद ठेवून असतो. म्हणजे तळाचा दोष पुन्हा तळाशीच पकडता येतो, मात्र तिथे डोकावायला वाट हवी. या रीतीची खरी कसोटी लागते ती वाटच नसते तेव्हा.

आणि ती वेळ विनमोडेमने आणली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त संगणकांत जे मोडेम कार्ड येऊ लागले, त्यांत मोडेमचा बराचसा भाग नव्हताच. काहींत ‘एटी’ आज्ञा समजणारा नियंत्रक नव्हता. काहींत त्याबरोबर संकेतांवर प्रक्रिया करणारी चिपही नव्हती. उरला होता तो जवळपास टेलिफोनच्या तारेला जोडलेला एक ध्वनिसंच. बाकीचे काम विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेई. पैसे वाचले, आणि ज्याला विंडोजच वापरायचे त्याची काही तक्रार नव्हती. लिनक्सवर मात्र ‘एटी’ची हाक द्यायला समोर कुणी नव्हते. एलएसपीसीआय या आज्ञेत हे कार्ड ‘सिरियल कंट्रोलर’ऐवजी ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ म्हणून दिसले, की अनुभवी माणूस सुस्कारा टाकायचा. आपण वर पाहिलेले सारे टेस्टर इथे निकामी: सांधे होते, पण एका बंद ड्रायव्हरच्या आत. लुसेंट, कॉनेक्झंट, स्मार्टलिंक अशा चिपांसाठी पुढे लिनक्स ड्रायव्हर आले, पण बहुतेकांच्या गाभ्याशी न उघडणारा तयार तुकडा असे, आणि तो एखाद्या ठरावीक कर्नलशीच जुळे. कर्नल बदलला की मोडेम मुका. नवा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या मोडेमच्या पलीकडे. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

या बंद तुकड्यांतून एक मजेशीर प्रसंगही घडला. कर्नल आपल्यात येणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलला परवाना विचारतो. मुक्त परवाना नसेल तर ‘डाग लागला’ अशी नोंद करतो, म्हणजे पुढे दोष आला तर शोधणाऱ्यांना कळते की आत न दिसणारे काहीतरी आहे. लिनक्संट ही कंपनी कॉनेक्झंटच्या चिपांचे ड्रायव्हर देत असे. फुकटच्या आवृत्तीत वेग १४,४०० बिटांवर बांधलेला, पूर्ण वेग हवा तर पैसे. २००४ साली उघड झाले की तिच्या मॉड्यूलने परवान्याच्या जागी ‘जीपीएल’ लिहून लगेच एक शून्य-अक्षर ठेवले होते आणि खरी अट त्याच्यापुढे. सी भाषेत शून्य-अक्षरापाशी वाक्य संपते, म्हणून कर्नलने ‘जीपीएल’ एवढेच वाचले आणि डाग लावला नाही. कंपनीचे म्हणणे होते की डागाच्या नोंदीमुळे वारंवार येणारे इशारे पाहून ग्राहक गोंधळतात. असेलही. पण इशारा पुसल्याने दोष शोधणाऱ्याच्या हातातला एक टेस्टर गेला, आणि तेवढ्यासाठी तरी ही युक्ती मला गैर वाटते.

दुसरा आक्षेप सामान्य वापरकर्त्याच्या बाजूचा आहे: पत्र पाठवायला बसलेल्या माणसाने षोडशमान अंक का वाचावेत? विंडोजवर दोन खिडक्या भरल्या की काम होत होते. काम होई तोवर हे बरोबरच. काम अडले, की विंडोजही क्रमांकच दाखवी: ६८०, डायल टोन नाही, ६७८, समोरून उत्तर नाही, ६९१, नाव किंवा पासवर्ड नाकारला. हे निदान ‘नो कॅरिअर’पेक्षा पुष्कळ बरे होते, हे मान्य केले पाहिजे. मोडेमचा आणि पीपीपीचा लॉग ठेवायची सोय तिथेही होती. तेव्हा लिनक्स दाखवी आणि विंडोज लपवी, इतका सरळ हिशेब मांडणे खोटेपणाचे होईल. फरक कुठे होता? विंडोजवर कार्डाबरोबर आलेली सीडी घालून निर्मात्याने आधीच जुळवून दिलेली साखळी चालवायची होती. लिनक्सवर ती वापरणाऱ्याने जुळवायची होती, कारण निर्माता त्या दारात आलेलाच नव्हता. म्हणून जास्त लोक अडले. पण प्रत्येक कडी वेगळी उचलून पाहता येत असल्याने, अडलेल्यांना सुटायची वाटही जास्त सापडली. सामान्य माणसासाठी केपीपीपीसारखे खिडकीचे प्रोग्रॅम होतेच. त्यातही लॉगचे एक बटण होते, आणि माझ्या मते त्यातले तेच सर्वांत मोलाचे.

राहिला तिसरा आक्षेप, की हे सारे आता मेलेले ज्ञान आहे. अमेरिकेतल्या एओएलनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम गेला, यात वाद नाही. पण त्याची भाषा गेली नाही. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचे डेटावन ब्रॉडबँड आले, तेव्हा घरच्या फोनवर किंचाळणे थांबले, तरी नाव-पासवर्डाची बोलणी पीपीपीच करत होते, फक्त आता इथरनेटच्या चौकटीत बसून. म्हणून ६९१ हा क्रमांकही आपल्याबरोबर आला. त्यानंतर लॅपटॉपला टोचायचे डोंगल आले. सीडीएमएचे असेल तर ‘#७७७’, जीएसएमचे असेल तर ‘*९९#’ हा नंबर फिरवायचा, आणि फिरवणारा तोच डब्ल्यूव्हीडायल. नाशिकच्या किंवा सांगलीच्या एखाद्या वसतिगृहात २०१०च्या आसपास लिनक्स लॅपटॉपला असे डोंगल लावले, तर ते आधी मोडेम म्हणून समोर येतच नसे. विंडोजचा ड्रायव्हर बरोबर नेता यावा म्हणून ते स्वतःला सीडी म्हणवून घेई, आणि लिनक्स भोळेपणाने ती सीडी उघडून दाखवी. इथे डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत काहीही बदलणे व्यर्थ. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्रॅम सीडीला ‘बाहेर ये’ म्हणतो; यूएसबीच्या यादीत त्याच उपकरणाचा ओळखक्रमांक बदललेला दिसतो; टीटीवाय-यूएसबी-० या नावाचा पोर्ट जन्माला येतो. मग मिनिकॉम उघडून त्या पोर्टवर ‘एटी’ टंकायचे आणि ‘ओके’ येते का ते पाहायचे.